विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता दुकानातल्या संगणकाचं काय करायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या कुठल्याही आडत दुकानात जा, आतल्या केबिनमध्ये एक संगणक असतोच. त्यावर टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या सीएच्या ऑफिसात, मिरजेतल्या लॅबमध्ये, तासगावच्या पतसंस्थेत थोड्याफार फरकानं हेच चित्र. यातले पुष्कळ संगणक विंडोज १० वर चालतात आणि मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘मालक, अकरा यावर चढत नाही, नवीनच घ्या.’ इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, ‘काका, लिनक्स टाका, एक रुपया लागत नाही.’ खोटं कुणीच बोलत नाही, पण मालकाला त्यातून काही ठरवता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकाच दुकानातल्या एका टेबलावर लिनक्स बिनधास्त टाकावं आणि शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला हातही लावू नये, असं होऊ शकतं. कुठल्या टेबलावर काय काम चालतं, त्यावर ते ठरतं. ते कसं, हे सांगायला थोडं मुळापासून यावं लागेल.

सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडणार का?

नाही. विंडोज १० उद्याही सुरू होईल आणि दोन वर्षांनीही होईल. बंद झालंय ते दर महिन्याला येणारं सुरक्षेचं अपडेट. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चुका राहून गेलेल्या असतात आणि त्यातल्या काही चोराला आत शिरायला उपयोगी पडतात. अशी चूक सापडली की कंपनी ती बुजवून पाठवते. विंडोज १० साठी हे आता थांबलं. त्यात आणखी एक गोम आहे. दहा आणि अकरा यांच्यातला बराचसा भाग सारखाच आहे. त्यामुळे अकरासाठी दुरुस्ती आली की तीवरून दहामधली तीच चूक हुडकून काढणं जाणत्या चोराला सोपं जातं.

थोडी मुदतवाढ मिळते. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट द्यायची योजना जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. कंपन्यांसाठी पहिल्या वर्षाचा दर एका संगणकाला ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट.

मग सरळ विंडोज ११ का टाकत नाही? तर त्याच्या अटी कडक आहेत. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा आणि टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे पासवर्ड-कुलपांच्या किल्ल्या जपून ठेवणारी छोटी सोय. कधी ती वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरच्या आतच. आपल्याकडे कंपन्यांनी काढून टाकलेले आणि सेकंड-हँड बाजारात आलेले जे डेस्कटॉप मिळतात, त्यांतले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे सगळे इथंच अडकतात. तुमचा संगणक अटीत बसत असेल तर पुढचं वाचायची घाई नाही. विंडोज १० अस्सल असेल तर अकरावर जायला पैसे पडत नाहीत.

लिनक्स नेमकं आहे काय?

कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क, प्रिंटर या सगळ्यांना कामाला लावणारं जे मूळ सॉफ्टवेअर असतं, ती ऑपरेटिंग सिस्टिम. टॅली किंवा क्रोम हिच्याच आधारानं चालतात. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स ही दुसरी.

फरक मालकीत आहे. माणसानं लिहिलेल्या मूळ प्रोग्रामला सोर्स कोड म्हणतात. विंडोजचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टकडे राहतो, आपल्याला वापरायचा परवाना तेवढा मिळतो. लिनक्सचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, म्हणून ते ओपन सोर्स.

सोयाबीन करणाऱ्याला हे लगेच कळेल. सोयाबीनचं सरळ वाण असलं की शेतकरी चांगलं बी निवडून घरात ठेवतो, पुढच्या वर्षी तेच पेरतो, शेजाऱ्याला चार पायल्या देतो, आणि हातात कसब असेल तर त्यातून निवड करून आपल्या रानाला मानवणारं बी तयार करतो. संकरित बियाण्याची पिशवी दर हंगामाला दुकानातून आणावी लागते. लिनक्सचा परवाना पहिल्या प्रकारचा आहे: वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एवढीच, की बदल करून वाटलंत तर पुढच्यालाही हेच हक्क द्यायचे.

हा परवाना ज्या खटपटीतून आला ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. स्टॉलमन यांच्या खटपटीतून तयार झालेली सॉफ्टवेअरं आणि हा गाभा यांची मोट बांधून, वर खिडक्या-मेनू आणि नेहमीची सॉफ्टवेअरं घालून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशा शेकडो आहेत, आणि नवा माणूस इथंच गांगरतो. विंडोजची सवय असलेल्यानं लिनक्स मिंट घ्यावं आणि बाकीची नावं विसरून जावीत. खाली डावीकडे मेनू, तळाला पट्टी, उजवीकडे घड्याळ. अर्ध्या तासात हात बसतो.

फुकट देणाऱ्याचं पोट कसं भरतं?

ही शंका आडत्याला हटकून येते आणि ती रास्त आहे. उत्तर असं, की लिनक्सवर काम करणारे बहुतेक लोक पगारी आहेत. इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्या त्यांना पगार देतात, कारण त्यांचे स्वतःचे धंदे लिनक्सवर उभे आहेत. रेड हॅट लिनक्स विकत नाही म्हटलं तरी चालेल, ती सेवा विकते. आणि त्या सेवेच्या धंद्यापोटी आयबीएमनं २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

डेस्कटॉपवर मात्र गाडी अडली. जगभरातल्या वेबसाइटला येणाऱ्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या हिशेबात डेस्कटॉपवरच्या लिनक्सनं ४ टक्क्यांचा आकडा २०२४ च्या सुरुवातीला कुठं ओलांडला.

फुकट आणि चांगलं, मग लोक घेत का नाहीत?

पुस्तकी उत्तर असं देतात, की दुकानातून आलेल्या संगणकावर विंडोज आधीपासून असतं आणि आहे ते बदलायला कुणी जात नाही. ते खरंच आहे. पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण वेगळं आहे आणि ते चारचौघांत कुणी बोलत नाही: आपल्याकडे विंडोजही फुकटच आहे.

बिलावर ‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ लिहिलेला, म्हणजे विंडोजशिवाय आलेला स्वस्त लॅपटॉप घ्यायचा आणि दुकानातच ‘विंडोज टाकून द्या हो’ म्हणायचं. पेनड्राइव्ह लागतो, अर्ध्या तासात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट असं सगळं तयार. परवाना कशाचाच नाही. गिऱ्हाइकानं दिले ते दुरुस्तीवाल्याच्या मजुरीचे पैसे. अशा बाजारात ‘लिनक्स फुकट आहे’ याला काय किंमत? जर्मनीतल्या नगरपालिकेला लायसन्सचे पैसे वाचतात. सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदाराचे वाचत नाहीत, कारण त्यानं ते कधी दिलेच नव्हते.

म्हणून लिनक्सचा खरा फायदा इथं दुसरीकडे शोधावा लागतो. चोरीचं विंडोज ‘अॅक्टिव्हेट’ करणारी जी छोटी सॉफ्टवेअरं असतात, ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे ज्या संगणकावरून नेटबँकिंग करायचं, त्याचा पहारेकरी पहिल्याच दिवशी सुट्टीवर. त्याच पेनड्राइव्हमधून आणखी काय आत गेलं, ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. पतसंस्था आणि शाळांना तर ऑडिटची आणि कायद्याची भीतीही आहे. लिनक्समध्ये हे सगळं लचांड मुळातच नाही: लपवायला काही नसतं, अपडेट रीतसर येतात, जुन्या मशीनवरही येतात. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत चालवली जाणार आहे.

टॅली चालतं का?

खरा प्रश्न हा. विंडोज १० असो नाहीतर अकरा, दुकानदार विंडोजला बांधलेला नसतो. तो टॅलीला, डिजिटल सहीला आणि प्रिंटरला बांधलेला असतो. एकेक बघू.

टॅलीप्राइम अधिकृतपणे विंडोजवरच चालतं. लिनक्सवर वाइन नावाची एक सोय आहे, ती विंडोजची काही सॉफ्टवेअरं चालवून दाखवते. तिच्यावर टॅली चालवणारे लोक आहेत. पण ज्या वह्यांवरून जीएसटीचं रिटर्न जाणार, त्या वह्यांवर असले प्रयोग करू नयेत. मार्च अखेरीला अडलं तर टॅलीवाले हात वर करतील आणि त्यांचं चुकणारही नाही. टॅली क्लाउडवर ठेवून दुरून वापरायची सोय विकत मिळते. तिचा खर्च आणि आपल्याकडचं इंटरनेट बघून ठरवा. नाहीतर टॅलीचं टेबल विंडोजवरच ठेवा.

जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, त्याला लिनक्सची अडचण नाही. प्रोप्रायटर ओटीपीनं रिटर्न भरू शकतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी टोकन लावून सही करायची. टोकन बनवणारे काहीजण लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची संगणकाशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, देतात, पण पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर आणि टोकन यांची लिनक्सवर जोडी जमेलच असं नाही. आधी जमवून बघा. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांचं दुखणं आणखी मोठं: अंगठा घेणाऱ्या मशीनची आधारशी जोडणी मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरूनच केलेली असते. त्यांनी तूर्त लिनक्सच्या नादाला लागू नये.

प्रिंटरचं नशिबावर. एचपी स्वतः लिनक्ससाठी ड्रायव्हर पुरवते आणि नवे वायफाय प्रिंटर बहुधा काही न टाकता आपोआप ओळखले जातात. झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे काही जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र घाम काढतात, कारण त्यांच्या डोक्याचं काम विंडोजवरच्या ड्रायव्हरवर सोपवलेलं असतं.

आणि मराठी. इथं लोकांना वाटतं तसं नाही. मराठी टायपिंग लिनक्सवर उत्तम होतं. इनस्क्रिप्ट असतं, फोनेटिक असतं, ‘गमभन’ पद्धतसुद्धा मिळते. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर, दोन्हींचे मेनू मराठीत करता येतात. गाडी अडते ती जुन्या फायलींवर. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. तो फॉन्ट नसला की संस्थेचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार ‘lkaxyh’ छापाचा दिसतो. अशा फायली युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं मात्र नंतर डोळ्यांखालून घालावी लागतात. हे काम विंडोजवर राहिलात तरी कधीतरी करावंच लागणार आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा सगळा संसार कोरलड्रॉ आणि लिपीच्या सॉफ्टवेअरवर उभा असतो. त्यानं आहे तिथंच राहावं.

एक्सेलच्या साध्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, घातलेल्या, किंवा एखाद्या हुशार कारकुनानं शंभर सूत्रांची गुंफण केलेल्या फायली कुठंतरी मोडतात. वर्डमधल्या तक्त्यांची मांडणी थोडी हलते.

आता उलट बाजूनं मोजा. घरात ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास आणि एखादं पत्र, एवढंच होतं. शाळेच्या लॅबमध्ये, वाचनालयात, हॉटेलच्या काउंटरवर, ज्यांचं कामकाज सगळं ब्राउझरमध्ये आलंय अशा संस्थांमध्ये विंडोजवाचून अडेल असं काही उरलेलं नसतं. तिथं सहा-सात हजारांच्या जुन्या मशीनला एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून मिंट टाकलं, की ते चार वर्षं सहज जातं.

कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसत असेल की!

दिसतो. २०२४ चं उदाहरण बघा. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, बहुतेक लिनक्समध्ये ते असतं. एकानं मदतनीस म्हणून त्यात शिरकाव केला, दोनेक वर्षं इमानानं काम करून विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. एवढ्या धाग्यावरून त्यांनी कोड उसवला आणि चोरी उघडी पाडली. गंमत म्हणजे ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच होते.

यातून दोन्ही बाजूचे लोक आपापला अर्थ काढतात. मला त्यात दिसतं ते एवढंच, की परक्या माणसाला कोड उघडून बघता आला म्हणून ते सापडलं. आणि ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे पुतण्याचं वाक्य तेवढं खोडून टाका. डेस्कटॉपवरच्या लिनक्ससाठी व्हायरस कमी लिहिले जातात, कारण गिऱ्हाइकं कमी आहेत. शिवाय सॉफ्टवेअर कुठूनही न उतरवता डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून येतं. फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितलात, तर मिंट काही वाचवणार नाही.

सरकारांना जमलं का?

केरळला जमलं. तिथं २००१ मध्ये शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू झाला; पुढं त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांमधले दोन लाखांहून अधिक संगणक स्वतः घडवलेल्या लिनक्सवर असल्याचं आणि त्यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचं तिनं २०१९ मध्ये सांगितलं. भागाकार केला तर संगणकामागे दीड लाख येतात. विंडोजला एवढे पैसे पडत नाहीत. प्रत्येक लहानमोठ्या सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेतला असता असं धरून तो हिशेब केलाय. तो आकडा बाजूला ठेवा. शिकण्यासारखं हे आहे, की त्यांनी आधी शिक्षक तयार केले. तालुक्याच्या शाळेत प्रोजेक्टर चालत नसेल तर तिथल्याच शिक्षकाला उत्तर माहीत असतं.

जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ मध्ये ठरवून २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. आता तिथल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३०,००० संगणकांसाठी तोच रस्ता धरलाय. आपल्याकडे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनं बॉस लिनक्स ही डिस्ट्रो केली, केंद्रानं २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरणही आणलं. धोरण कागदावर आणि तालुक्याच्या कचेरीत विंडोज, असं अजूनही दिसतं.

अडलं तर कुणाला बोलवायचं?

केरळ आणि सांगलीतलं अंतर इथं आहे. विंडोज बिघडलं तर विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत दर चौकात माणूस आहे. लिनक्स टाकून देणारा पुतण्या कॉलेज संपलं की पुण्याला जातो, आणि मग प्रिंटर रुसला की सगळं खापर लिनक्सवर फुटतं.

यावर मला एकच उपाय दिसतो: दुरुस्तीवाल्याला लिनक्स टाकायचे आणि वर्षभर बघायचे पैसे ठरवून द्या. सॉफ्टवेअर फुकट म्हणून मजुरीही फुकट, असं गिऱ्हाइकानं धरलं तर तो कशाला शिकेल? सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजसारख्या संस्थांतून लिनक्स येणारी पोरं दरवर्षी बाहेर पडतात. इथं त्यांना त्याचे कुणी पैसे देत नाही. पतसंस्था किंवा शाळा दहा-वीस संगणकांची बोलणी एकदम करू शकते, एकटा दुकानदार नाही.

करून बघायचं असेल तर

विंडोज न पुसता बघता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून संगणक त्यावरून सुरू केला की डिस्कला हात न लागता सगळं समोर येतं. त्याच अवस्थेत वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का आणि मराठी टाइप होतं का, हे तपासा. पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

आवडलं तर आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर जुना डेटा कुलूपबंद राहील. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात, पण दुकानाच्या मशीनवर ती गुंतागुंत मी सुचवणार नाही. कामगार सकाळी भलतंच सुरू करून बसतो.

मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, सुखानं चालायला ४ जीबी. संगणक फारच जुना, ३२-बिट प्रोसेसरचा असेल तर आताचं मिंट आणि उबुंटू त्यावर चढणार नाही. डेबियन १२ चढतं, आणि त्याचे सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत आहेत. पण अशा मशीनवर ब्राउझरच दम टाकतो, तेव्हा त्यावर खर्च करू नका.